पुसलेली अक्षरे, उरलेली साक्ष : जोसन राजवाड्यातील कुलीन स्त्रिया, राजसेविका आणि त्यांचे गद्य

१

कोरियाच्या राजदरबारातील स्त्रियांविषयी लिहू पाहणाऱ्या अभ्यासकासमोर पहिलाच प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. प्राचीन सिल्ला राज्यात सोनदोक (६३२–६४७), जिनदोक (६४७–६५४) आणि जिनसोंग (८८७–८९७) अशा तीन राण्या स्वतःच्या अधिकाराने सिंहासनावर बसल्या. त्यांच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते प्रामुख्याने ११४५ मध्ये पूर्ण झालेल्या 'साम्गुक सागी' या इतिहासग्रंथातून. त्याचा संपादक किम बुसिक हा कन्फ्यूशियन परंपरेतील विद्वान होता. स्त्रीने राज्य करावे ही गोष्टच त्याला अमान्य होती, आणि सोनदोकच्या वृत्तान्ताअखेर त्याने ती नापसंती नोंदवूनही ठेवली आहे. म्हणजे प्राचीन कोरियन दरबारातील सर्वोच्च स्त्रीदेखील आपल्यापर्यंत येते ती तिला अपवाद आणि दोष मानणाऱ्या पुरुषाच्या लेखणीतून. तिच्या सेविकांविषयी तर बोलायलाच नको.

ही स्थिती बदलते ती जोसन राजवटीत (१३९२–१९१०). सतराव्या शतकापासून पुढे राजवाड्याच्या अंतर्भागात रचलेले असे काही गद्य उपलब्ध आहे की, त्यात स्त्रिया केवळ विषय म्हणून येत नाहीत, त्या निवेदकही असतात. कोरियन वाङ्मयेतिहासात या गद्याला 'राजवाडा-साहित्य' म्हणून स्वतंत्र स्थान दिले जाते, आणि त्यात तीन कृती सदैव एकत्र उल्लेखिल्या जातात : 'ग्येचुक इल्गी', 'इन्ह्योन वांगहू जोन' आणि 'हानजुंगनोक'. पहिल्या दोन अनामिक असून त्यांचे कर्तृत्व परंपरेने राजसेविकांकडे दिले जाते. तिसरी कृती हेग्योंग (१७३५–१८१६) या युवराज्ञीची आहे.

या तिन्ही कृतींचा विचार सामान्यतः दरबारी कारस्थानांची साधने म्हणून होतो. प्रस्तुत निबंधात एक वेगळा प्रश्न हाती घेतला आहे. एकाच भिंतीआड राहणाऱ्या कुलीन स्त्रीला आणि तिच्या सेविकेला जे बोलता येते आणि जे बोलता येत नाही, त्यात फरक कोणता? आणि ज्या वाड्यात लिहिलेले पुसून टाकणे हा शिष्टाचारच होता, तेथे या स्त्रियांनी लिहिले तरी कशासाठी?

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी राजवाड्यातील स्त्रियांची श्रेणीव्यवस्था ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १४८५ मध्ये अंतिम स्वरूपात लागू झालेल्या 'ग्योंगगुक देजोन' या विधिसंहितेने वाड्यातील स्त्रियांची 'नेम्योंगबू' ही संस्था बांधून दिली. राणी या श्रेणींच्या वर होती. तिच्याखाली राजाच्या उपपत्न्या होत्या. त्यांच्या पायऱ्या पहिल्या श्रेणीतील 'बिन'पासून चौथ्या श्रेणीतील 'सुगवोन'पर्यंत उतरत येत. पाचव्या श्रेणीपासून नवव्या श्रेणीपर्यंत सेवेतील स्त्रियांची पदे होती आणि त्यांत सर्वोच्च पद 'संगगुंग'चे. चौथी आणि पाचवी श्रेणी यांमधील रेषा ही केवळ मानपानाची रेषा नव्हती. रेषेच्या वर राजवंश वाढविण्याचे कर्तव्य होते, रेषेच्या खाली श्रमाचे.

दोन्ही बाजूंना प्रवेश बालवयातच होई. राणी किंवा युवराज्ञी निवडायची असली की कुलीन घराण्यांतील उपवर मुलींच्या विवाहांवर देशभर बंदी घातली जाई आणि तीन टप्प्यांच्या निवडीतून एकीची नेमणूक होई. हेग्योंगची निवड झाली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. १७४४ मध्ये तिचा युवराज सादो याच्याशी विवाह झाला. सेविका त्याहूनही लहान वयात आणल्या जात, विशेषतः राजाराणीच्या अंतर्गृहातील सेवेसाठी. १७४६ च्या 'सोकदेजोन' या संहितेने त्यांची निवड सरकारी कचेऱ्यांना जोडलेल्या दासवर्गातून करावी असा दंडक घालून दिला. शिवण, भरतकाम, स्वयंपाक, फळे व मिष्टान्ने, स्नानाची व्यवस्था, धुलाई आणि अंतर्गृह असे त्यांचे विभाग होते. सुमारे पंधरा वर्षांच्या सेवेनंतर एक समारंभ होऊन मुलगी 'नाईन' म्हणजे पूर्ण सेविका होई. त्यानंतर आणखी पंधरा वर्षांनी संगगुंगपद मिळू शके. यांच्याही खाली पाणी भरणाऱ्या 'मुसुरी' आणि इतर कष्टकरी स्त्रिया होत्या. सर्व मिळून वाड्यातील सेविकांची संख्या पाचशे-सहाशेच्या घरात असे.

सेविका ही तत्त्वतः राजाची स्त्री मानली जाई. म्हणून तिला विवाह करता येत नसे, आणि वाड्याबाहेर पडल्यावरही ही बंदी सुटत नसे. दीर्घ अवर्षण पडले की काही सेविकांना मुक्त करीत. त्यांच्या कोंडलेल्या दुःखाने निसर्गाचा समतोल ढळतो अशी समजूत यामागे होती. हे दुःख राज्यव्यवस्थेला ठाऊक होते, एवढे तरी यावरून सिद्ध होते. मात्र मुक्त झालेल्या स्त्रीने पुढे जगावे कसे याचे उत्तर त्या व्यवस्थेजवळ नव्हते. आणखी एक नियम असा की, वाड्यात मृत्यू येण्याचा अधिकार केवळ राजकुटुंबाला होता. आजारी किंवा वृद्ध सेविकेला शेवटच्या दिवसांत वाडा सोडावा लागे. ज्या घरात आयुष्य गेले त्या घरात मरण्याची तिला मुभा नव्हती.

मौनाचे शिक्षण तर आरंभापासूनच दिले जाई. वर्षाच्या अखेरच्या रात्री नव्या बालसेविकांना अंगणात रांगेने उभे करीत, त्यांची तोंडे कापडाने झाकलेली असत, आणि पेटत्या मशाली त्यांच्या तोंडासमोर नाचवीत खोजे 'उंदराचे तोंड जाळा' अशा आशयाच्या आरोळ्या देत. वाड्यातील गोष्ट बाहेर नेशील तर तोंड भाजेल, हा त्या विधीचा अर्थ. पाच-सात वर्षांच्या मुलीला तो समजावून सांगण्याची गरज पडत नसावी. पुढे ज्या गद्याचा विचार करावयाचा आहे ते या मुलींनी, किंवा त्यांच्या सोबतीने वाढलेल्या स्त्रियांनी, लिहिलेले आहे हे विसरता कामा नये.

३

हे लेखन शक्य झाले ते लिपीमुळे. राजा सेजोंगने १४४६ मध्ये कोरियन भाषेसाठी अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी प्रसृत केली. आज ती हंगुल या नावाने ओळखली जाते. परंतु राज्यकारभार, इतिहास आणि प्रतिष्ठित काव्य यांची भाषा १८९४ च्या सुधारणांपर्यंत अभिजात चिनी हीच राहिली. नव्या लिपीला 'ओनमुन' म्हणजे ग्राम्य लिपी असे म्हणत, आणि 'बायकांची अक्षरे' असेही हेटाळणीने संबोधीत.

या हेटाळणीचा परिणाम दुहेरी झाला. स्त्रियांचे लेखन ज्ञानव्यवहाराच्या केंद्राबाहेर राहिले हे खरे. पण त्याच कारणाने ते त्या केंद्राच्या देखरेखीबाहेरही राहिले. चिनी गद्यात लिहिणाऱ्या इतिहासकारापुढे शतकानुशतकांचे आदर्श आणि ठरीव वाक्प्रयोग उभे असत. ओनमुनमध्ये लिहिणाऱ्या स्त्रीपुढे बोलणे होते, पत्र होते आणि ऐकलेल्या कथा होत्या. राण्यांची पत्रे लिहून देण्याचे काम काही संगगुंग करीत, आणि या लेखनाच्या सरावातून हंगुलचे एक डौलदार वळण सिद्ध झाले. त्याला आजही 'गुंगछे' म्हणजे राजवाडी वळण म्हणतात. ज्या स्त्रियांना स्वतःच्या नावाने काही लिहिता येत नव्हते त्यांच्या हाताने एका लिपीला तिचे प्रमाणभूत सौंदर्य दिले, ही गोष्ट या विषयाच्या गाभ्याशी निगडित आहे. कुलीन स्त्री आणि सेविका या दोघींची लिपी एकच होती. दोघींना वेगळे करणारी गोष्ट होती ती 'मी' म्हणण्याचा अधिकार.

४

'ग्येचुक इल्गी' या नावाचा अर्थ 'ग्येचुक वर्षाची दैनंदिनी', आणि ते वर्ष म्हणजे १६१३. पार्श्वभूमी थोडक्यात अशी : राजा सोन्जोने १६०२ मध्ये इनमोक (१५८४–१६३२) हिच्याशी दुसरा विवाह केला. तिला १६०६ मध्ये योंगछांग हा पुत्र झाला. सोन्जोच्या मृत्यूनंतर १६०८ मध्ये उपपत्नीचा पुत्र ग्वांगहेगुन गादीवर बसला. तो आपल्या या सावत्र आईपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. राणीच्या पोटचा लहान भाऊ हा त्याच्या आसनाला कायमचा धोका होता. १६१३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून इनमोकच्या वडिलांना मृत्युदंड झाला, योंगछांगला गांगह्वा बेटावर नेण्यात आले आणि १६१४ मध्ये त्याचा अंत घडविण्यात आला. इनमोकला पुढे 'सोगुंग' म्हणजे पश्चिम वाड्यात कोंडून ठेवले. १६२३ मध्ये ग्वांगहेगुन पदच्युत झाला तेव्हा तिची सुटका झाली.

इतिहासग्रंथांत या घटनाक्रमाला आरोप, चौकशी, निवाडा असे रूप आहे. 'ग्येचुक इल्गी'त तोच घटनाक्रम दाराच्या आतल्या बाजूने दिसतो. राजपुत्राला न्यायला माणसे आली तो प्रसंग कोरियन वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. राणी, राजकन्या आणि राजपुत्र या तिघांना तीन संगगुंगांनी पाठीवर घेतले आहे. राजपुत्र हट्ट धरतो की, आई आणि ताई पुढे चालू देत, मी मागून येईन. कारण विचारल्यावर तो सांगतो की, मी पुढे झालो तर मला एकट्यालाच बाहेर नेतील आणि या दोघी मागेच राहतील. सात वर्षांच्या मुलाला राजकारण समजलेले नाही, परंतु दार समजले आहे.

या प्रसंगाचे सामर्थ्य निवेदकाच्या जागेत आहे. पाठीवर मूल घेतलेल्या बाईला मुलाचे बोलणे सर्वांआधी ऐकू येते, हे या निवेदनात कोठेही सांगितलेले नसून सर्वत्र गृहीत धरलेले आहे. बंदिवासाच्या वर्णनातही हीच दृष्टी आढळते. कापड, पादत्राणे, भाजी यांची टंचाई, जुन्यातून नवे करण्याच्या खटपटी, यांना या गद्यात राजकीय घटनेइतकीच जागा मिळते. ज्यांच्या हाती वाड्याचे दैनंदिन जीवन होते त्यांनाच दैनंदिन जीवनाचा विध्वंस एवढा तपशिलाने दिसला.

कृतीच्या अखेरीस, हे सेविकांनी थोडक्यात नोंदले आहे, अशा अर्थाचा उल्लेख येतो. त्यातील कर्ता अनेकवचनी आहे आणि त्याला नाव नाही. काही अभ्यासकांनी हे लेखन खुद्द इनमोकचे किंवा तिच्या कन्येचे असावे असाही तर्क केला आहे. कर्तृत्वाचा हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. राणीनेच लिहिले असे क्षणभर धरले, तरी तिने सेविकांचा आवाज का पत्करावा हा प्रश्न उरतोच. आणि सेविकांनी लिहिले असेल, तर १६१३ च्या चौकशीत इनमोकच्या ज्या सेविका छळाने आणि मृत्युदंडाने गेल्या त्यांच्या सोबतिणींनी ते लिहिले, हेही लक्षात घ्यावे लागते. या कृतीला शोककथेइतकाच साक्षीच्या जबाबाचा घाट आहे.

अर्थात ही साक्ष एका पक्षाची आहे. ग्वांगहेगुनचे जे चित्र येथे उभे राहते त्यात छटा नाहीत. मिंग साम्राज्य आणि मांचूंची उगवती सत्ता यांच्यामध्ये देश सांभाळण्याचे त्याचे धोरण विसाव्या शतकातील इतिहासकारांनी पुन्हा तपासले आणि त्याला काही श्रेय दिले. त्याच्या बाजूलाही एक सेविका होती, हे तर अधिकच बोलके आहे. संगगुंग किम गेसी हिने त्याच्या दरबारात मोठा प्रभाव मिळविला आणि १६२३ च्या सत्तांतरात तिचा शिरच्छेद झाला. तिच्या बाजूची दैनंदिनी आपल्याजवळ नाही. म्हणजे सेविकेची साक्ष टिकून राहिली ती जिंकलेल्या मालकिणीच्या आश्रयाने. 'ग्येचुक इल्गी' वाचताना ही मर्यादा विसरली की, आपण सेविकांच्या आवाजाविषयी भाबडे होतो.

५

श्रेणीव्यवस्थेतील ती चौथ्या-पाचव्या पायरीमधली रेषा ओलांडता येत नव्हती असे नाही. राजाची मर्जी बसली की सेविका उपपत्नी होई. 'इन्ह्योन वांगहू जोन', म्हणजे राणी इन्ह्योनचे चरित्र, हे अशा एका उल्लंघनाभोवती रचलेले आहे. राजा सुकजोंग (१६७४–१७२०) याची राणी इन्ह्योन (१६६७–१७०१) हिला अपत्य नव्हते. दुभाष्यांच्या घराण्यातून सेविका म्हणून वाड्यात आलेल्या जांग हुईबिनला १६८८ मध्ये पुत्र झाला. १६८९ मध्ये इन्ह्योनला पदच्युत करून माहेरी पाठविले आणि पुढे जांग राणी झाली. १६९४ मध्ये चक्र उलटले. इन्ह्योन परतली, जांग पुन्हा उपपत्नी झाली. १७०१ मध्ये इन्ह्योन मरण पावली, जांगने तिच्यावर करणी केल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि तिला विष देण्यात आले. त्यानंतर कोणत्याही उपपत्नीला राणीपद देऊ नये असा आदेश सुकजोंगने काढला.

या चरित्रात इन्ह्योन सहनशीलतेची मूर्ती आहे आणि जांग मत्सराची. व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने ही कृती 'ग्येचुक इल्गी'हून अधिक सांकेतिक आहे. यामागे राजकीय पक्षांची स्पर्धा होती आणि राणीच्या माहेरच्या पक्षातील कोणी ही कृती लिहिली असावी असेही मत आहे. परंतु सेविकेच्या कर्तृत्वाची परंपरा मान्य केल्यास एक विलक्षण गोष्ट समोर येते. येथे एक सेविका, सेविकेच्या पायरीवरून राणीपदावर पोहोचलेल्या दुसऱ्या स्त्रीला दोषी ठरवीत आहे. वर चढलेल्या सोबतिणीविषयी तिच्या मनात आणखी काही असेल तर ते या गद्यात उमटत नाही. मालकिणीचा सद्गुण हेच तिच्या बोलण्याचे परवानापत्र आहे, आणि ते हाती असेपर्यंतच तिला बोलता येते.

इतिहासाने मात्र या नीतिकथेला एक अनपेक्षित पुस्ती जोडली. सुकजोंगची आणखी एक उपपत्नी, चोए सुकबिन (१६७०–१७१८), ही मुळात पाणी भरणारी मुसुरी होती असे परंपरा सांगते. तिचा पुत्र योंगजो १७२४ मध्ये राजा झाला आणि त्याने १७७६ पर्यंत, जोसन राजांमध्ये सर्वांत दीर्घ काळ, राज्य केले. हेग्योंग ही त्याची सून.

६

'हानजुंगनोक' हा एकसंध ग्रंथ नव्हे. १७९५, १८०१, १८०२ आणि १८०५ या वर्षी लिहिलेल्या चार आठवणलेखांचा तो समूह आहे. पहिला लेख भाचा होंग सुयोंग याच्यासाठी आहे, उरलेले नातू राजा सुन्जो याच्या नजरेखाली यावेत म्हणून लिहिलेले आहेत. शीर्षकही अर्थपूर्ण आहे. 'हान' हे अक्षर एका चिनी चिन्हाने लिहिले तर अर्थ होतो निवांतपणी लिहिलेली नोंद, दुसऱ्याने लिहिले तर शल्यातून लिहिलेली नोंद. हंगुलमध्ये दोन्ही सारखीच दिसतात.

पहिल्या लेखाचा आरंभ पत्रांच्या आठवणीने होतो. वाड्यात आल्यावर बालवधूची माहेरी रोज पत्रे जात. पण वाड्यातील अक्षर बाहेर विखुरलेले असू नये असे वडिलांनी बजावले. म्हणून माहेराहून आलेल्या कागदावरच कडेला ती उत्तर लिहून परत पाठवी, आणि घरची माणसे ते कागद गोळा करून धुऊन टाकीत. त्यामुळे माहेरी तिच्या हातचे फारसे काहीच उरले नाही. भाच्याने काही लिहून देण्याची विनंती केली ती याच कारणाने. पन्नास वर्षांची अक्षरे पाण्यात गेल्यावर ही स्त्री साठाव्या वर्षी लिहावयास बसते.

धुऊन टाकणे हा येथे रूपकाचा भाग नाही. जोसन दरबारात 'सेछो' नावाची प्रथाच होती. राजवृत्तान्ताची अंतिम प्रत सिद्ध झाली की मसुदे ओढ्याच्या पाण्यात धुऊन कागद पुन्हा वापरात आणीत. १७६२ साली जे घडले त्याच्या नोंदींनाही हेच पाणी लागले. त्या वर्षी राजा योंगजोने आपला मुलगा युवराज सादो याला तांदळाच्या लाकडी पेटीत बंद करविले आणि आठव्या दिवशी तो मरण पावला. पुढे सादोचा पुत्र जोंगजो याने १७७६ मध्ये, आजोबांच्या निधनापूर्वी, विनंती करून राजसचिवालयाच्या दैनंदिनीतील म्हणजे 'सुंगजोंगवोन इल्गी'तील संबंधित भाग धुऊन टाकण्याची परवानगी मिळविली. मुलाने पित्याची अप्रतिष्ठा पुसली, हे समजण्याजोगे आहे. पण त्यामुळे ती घटना आतून पाहिलेल्या व्यक्तींच्या स्मरणातच काय ती उरली. १८०५ मध्ये हेग्योंग चौथा लेख लिहिते त्यामागे हाच हिशेब आहे. आपल्यामागे हे सांगणारे कोणी राहणार नाही आणि नातवाला आजोबाचे सत्य कळले पाहिजे, ही तिची भूमिका.

तिचा हेतू केवळ सत्यकथनाचा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ती पेटी तिच्या वडिलांनी सुचविली असा आरोप होता. तिच्या चुलत्याला १७७६ मध्ये आणि भावाला १८०१ मध्ये मृत्युदंड झाला होता. माहेरचे नाव निष्कलंक करणे हे तिचे उघड प्रयोजन आहे. परंतु हे प्रयोजनच तिला सेविकेपेक्षा वेगळे ठरविते. तिच्या मागे कुल आहे, पुढे वंश आहे, आणि या दोहोंच्या मध्ये उभी राहून ती 'मी' म्हणू शकते. १७६२ च्या त्या दिवशी ती भिंतीपलीकडे उभी होती. नवऱ्याच्या याचना तिने ऐकल्या, डोळ्यांनी काही पाहिले नाही. ऐकलेल्यावर साक्ष उभी करावी लागणे ही वाड्यातील स्त्रीची सर्वसाधारण अवस्था होती. हेग्योंगने तिला गद्याचे तंत्र बनविले : काय पाहिले, काय ऐकले आणि काय इतरांकडून समजले हे ती सहसा वेगवेगळे ठेवते.

या आठवणींत सेविका सर्वत्र आहेत, आणि त्या कशा येतात हे पाहणे आवश्यक आहे. सादोच्या बिघाडाची मुळे शोधताना हेग्योंग त्याच्या जन्मानंतरच्या व्यवस्थेकडे बोट दाखविते. शंभर दिवसांच्या बाळाला आईबापांपासून दूर जोसुंगजोन या वाड्यात ठेवले. तेथे पूर्वीच्या राजाच्या दिवंगत राणीकडील सेविकांना परत बोलावून नेमले. सादोची आई योंगबिन ही स्वतः सेविका म्हणून वाड्यात आली होती. राणीच्या सेवेत राहिलेल्या या स्त्रिया तिची जुनी पायरी विसरायला तयार नव्हत्या, आणि त्यांच्या तुसडेपणामुळे आईचे मुलाकडे येणे कमी कमी होत गेले. संगगुंग चोए कडक होती. संगगुंग हान मुलाला लाकडाच्या आणि कागदाच्या तलवारी, धनुष्ये करून देई आणि त्याला अभ्यासापासून शस्त्रांच्या खेळाकडे वळवी. बाळाचा स्वयंपाक होई ते घर म्हणजे च्विसोनदांग, जांग हुईबिनचे पूर्वीचे निवासस्थान, जेथे तिने करणी केली असे सांगत. हेग्योंगला ही अशुभाची खूण वाटते. वाचकाला त्यात दोन कृती एका जागेवर भेटताना दिसतात. काही दशकांपूर्वी रेषा ओलांडलेल्या एका सेविकेचा दोष पुढच्या पिढीच्या अन्नापर्यंत येऊन पोहोचला, अशी ही मांडणी आहे.

हेग्योंगचे हे विवेचन सूक्ष्म आहे, पण निरपेक्ष नाही. राजाच्या कठोरपणाविषयी तिला जपून लिहावे लागते, सेविकांविषयी तसे बंधन नाही. दोषाचा काही भाग खालच्या पायरीवर उतरविणे तिला सोपे होते. तरीही तिच्याच लेखणीने आपल्याला सांगितले आहे की, सादोच्या आजाराचा पहिला घाव सेविकांवर आणि खोजांवर पडत होता. १७५७ मध्ये त्याने एका खोजाला मारून त्याचे मस्तक सेविकांना दाखविले, आणि हेग्योंगलाही ते पाहावे लागले. कपडे घालण्याच्या भयाने तो ग्रस्त झाला तेव्हा वस्त्रे नेसविणाऱ्या सेविकांचे जीव धोक्यात आले. १७६१ मध्ये त्याने बिंगे या उपपत्नीला मारहाण केली आणि ती मेली. ती पूर्वी शिवणविभागातील सेविका होती आणि त्याच्या मुलांची आई होती. बिंगेचे नाव तरी उरले. इतर कित्येक जणी या पानांत नावावाचून येतात आणि जातात. पेटीतल्या आठ दिवसांवर कथा, कादंबऱ्या आणि चित्रपट झाले. त्याआधीची ही मरणे त्या मोठ्या मरणाची प्रस्तावना म्हणूनच वाचली जातात. हेग्योंगच्या मजकुरातून ती वेगळी काढून वाचणे हे आजच्या अभ्यासकाचे काम आहे, कारण ती दुसरीकडे कोठेही सापडणार नाहीत.

७

नावांविषयीची एक गोष्ट अखेरीस नोंदविली पाहिजे. हेग्योंग हे नाव नव्हे, ती पदवी आहे. तिचे व्यक्तिनाम आपल्याला ठाऊक नाही, ती होंग कुळातील होती एवढेच माहीत आहे. इनमोक आणि इन्ह्योन ही मरणोत्तर दिलेली सन्माननामे आहेत. चोए, हान या संगगुंगांची केवळ कुळनावे आणि पद कळते. उलट, बिंगे, गेसी ही हाकेची नावे आहेत. हेग्योंगबरोबर माहेराहून आलेली, बालपणापासून तिची सोबतीण असलेली दासी बोंगन्ये ही या आठवणींत तिच्या नावानेच येते. कुलीन स्त्रीचे नाव उच्चारणे असभ्य मानले गेले म्हणून ते झाकले गेले, आणि जिला हाक मारून कामाला बोलवायचे तिचे नाव कागदावर पोहोचले. वर चढत गेलेल्या स्त्रीला पदवी मिळाली आणि ती नावाला मुकली. खाली राहिलेल्या स्त्रीचे नाव राहिले, पण तिची कथा सांगणारे कोणी नव्हते.

म्हणून या तीन कृती एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. मराठी वाचकाला दरबारी वृत्तान्त म्हटला की बखर आठवणे स्वाभाविक आहे, परंतु बखरकार बहुधा पराक्रमाची किंवा पराभवाची हकिकत सांगतो. येथील निवेदक स्त्रिया, हकिकतच नाहीशी केली जात असताना ती धरून ठेवू पाहतात. सेविकेच्या लेखनात तपशील आहे, 'मी' नाही. युवराज्ञीच्या लेखनात 'मी' आहे, पण तिच्या सेविकांच्या मृत्यूंचा हिशेब अपुरा आहे. एकीची उणीव दुसरीकडून अंशतः भरून निघते, पूर्णपणे नाही. जो भाग भरून निघत नाही तोही वाड्याच्या व्यवस्थेचाच पुरावा आहे.

१९१० मध्ये राजवट संपली तेव्हा काही सेविका मागे उरल्या. विसाव्या शतकात त्यांच्या तोंडून वाड्याच्या चालीरीती अभ्यासकांनी उतरवून घेतल्या. वाड्याच्या मुदपाकखान्यात काम केलेली संगगुंग हान हुईसुन (१८८९–१९७२) हिला १९७० च्या दशकाच्या आरंभी कोरियन शासनाने राजवाडी पाककलेची वारसदार म्हणून मान्यता दिली. अधिकृत नोंदीत तिचे कुळनाव आहे, व्यक्तिनाम आहे आणि तिची विद्याही आहे. उंदराचे तोंड जाळण्याची भीती घालून ज्या परंपरेत मुलींना गप्प राहायला शिकविले, तिच्यातील एका स्त्रीला आपण काय जाणतो हे जाहीरपणे सांगावयास बोलावले गेले. 'ग्येचुक इल्गी'च्या अखेरीस निनावी राहिलेल्या सेविकांना ही संधी मिळाली नव्हती. ते लिहिणाऱ्या जणी किती होत्या आणि कोण होत्या हे त्यांच्या मजकुरात नाही. पाठीवरचे मूल काय म्हणाले ते मात्र आहे.